जलकुंभीचा प्रवास आणि इंदूरचे तलाव



पावसाळा सरल्यानंतर जुनी इंदूरच्या बाजूने कान्ह नदीच्या काठी उभे राहिले, तर कित्येकदा पाणी दिसतच नाही. दिसतो तो हिरव्यागार पाल्याचा दाट थर, आणि त्यावर जागोजागी उमललेले फिकट जांभळ्या फुलांचे तुरे. नवखा माणूस घटकाभर थांबून त्या फुलांचे कौतुक करतो. जुन्या वस्तीतील माणूस मात्र नाकाला रुमाल लावून पुढे जातो, कारण त्या हिरवळीखाली काय साचले आहे हे त्याला ठाऊक असते. माळव्यात ह्या वनस्पतीस जलकुंभी म्हणतात. पुण्याच्या मुळा-मुठेत, कोल्हापूरच्या पंचगंगेत आणि कल्याणजवळच्या उल्हास नदीत हीच वनस्पती जलपर्णी ह्या नावाने ओळखली जाते.

शहरांचा इतिहास आपण राजे, लढाया आणि तह ह्यांच्या आधाराने लिहितो. पाण्यावर तरंगणाऱ्या एखाद्या रोपालाही इतिहास असू शकतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. जलकुंभीला तो आहे. त्याचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे, की प्रवाह ह्या रोपाला खालच्या अंगास वाहून नेतो. परंतु एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात आणि एका तलावातून दुसऱ्या तलावात त्याला नेतो तो बहुधा माणूसच. म्हणून त्याला अडविण्याची जागा तलावाच्या मध्यावर नसून तलावाच्या काठावर आहे. आज ही गोष्ट इंदूरच्या संदर्भात आपणांपुढे मांडावयाची आहे.

प्रथम इंदूरच्या पाण्याविषयी. जुनी इंदूर ही ह्या शहराची मूळ वस्ती. कान्ह आणि सरस्वती ह्या दोन लहान नद्यांच्या आश्रयाने ती वाढली. अठराव्या शतकाच्या आरंभी राव नंदलाल मंडलोई ह्यांच्या जमीनदार घराण्याने येथील व्यापारास उत्तेजन दिले, आणि वस्तीला पेठेचे रूप आले. पुढे होळकरांचा अंमल बसला, आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर त्यांची राजधानी इंदुरास स्थिर झाली. राजधानी म्हटली की माणसे वाढतात, आणि माणसे वाढली की पाणी अपुरे पडते. येथील नद्या लहान, उन्हाळ्यात मंदावणाऱ्या. तेव्हा तलाव बांधून पावसाचे पाणी साठविणे हाच मार्ग होता. होळकरांच्या राजवटीत बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला हे तलाव शहराच्या उपयोगास आले, आणि दुसऱ्या यशवंतराव महाराजांच्या कारकिर्दीत गंभीर नदी अडवून यशवंतसागर उभा राहिला.

पाण्याच्या दृष्टीने पाहता इंदूर हे उंबरठ्यावरचे गाव आहे. शहराच्या दक्षिणेस विंध्याची कड उतरली की पाणी नर्मदेकडे धावते. शहराचे स्वतःचे पाणी मात्र उत्तरेस जाते. कान्ह नदी सांवेरवरून जाऊन उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीपाशी क्षिप्रेस मिळते. क्षिप्रा चंबळेस, चंबळ यमुनेस आणि यमुना गंगेस मिळते. गंभीर नदीही अखेर क्षिप्रेलाच मिळते, परंतु निराळ्या वाटेने आणि उज्जैन ओलांडल्यावर. हा भूगोल ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता ह्या वनस्पतीकडे वळू. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. तेथे तिला खाणारे किडे आहेत आणि तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या वनस्पतीही आहेत. त्यामुळे ती आपली पायरी सोडीत नाही. देठ हवेने फुगलेले असल्याने ती तरंगते, मुळे पाण्यात लोंबत राहतात, आणि आडव्या धावऱ्या देठांवर तिला नवीन रोपे फुटतात. अनुकूल हवेत सुमारे पंधरवड्यात रोपांची संख्या दुप्पट होते. हा हिशेब कागदावर करून पाहावा. आज तलावात एक रोप आले आणि दर पंधरवड्यास संख्या दुप्पट होत गेली, तर १२ पंधरवड्यांनी, म्हणजे सहा महिन्यांच्या आतच, ४,०९६ रोपे होतात. पहिल्या पंधरवड्यात जे काम एका मुलाच्या हाताने झाले असते, त्यासाठी पुढे यंत्रे आणावी लागतात. शिवाय तिचे बी तळाच्या चिखलात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. त्यामुळे एकदा स्वच्छ केलेला तलाव स्वच्छच राहील अशी खात्री देता येत नाही.

अशी ही वनस्पती आपले घर सोडून जगभर गेली कशी? तिच्या फुलामुळे. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या बागांतील हौदांत आणि वनस्पति-उद्यानांत शोभेचे रोप म्हणून तिला मानाने आणण्यात आले. हौद भरून गेला की जादा रोपे माळी जवळच्या नदीत टाकून देई. अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात सेंट जॉन्स नदीचे पात्र १८९० च्या दशकात ह्या वनस्पतीने इतके भरून गेले की आगबोटींची वाट अडली. १८९९ साली तेथील मध्यवर्ती सरकारला नद्यांतील ही वाढ काढून टाकण्यासाठी कायद्याने तरतूद करावी लागली. १९१० साली तर लुइझियाना प्रांताचे प्रतिनिधी रॉबर्ट ब्रूसार्ड ह्यांनी आफ्रिकेतून पाणघोडे आणून नद्यांत सोडावेत, म्हणजे ते ही वनस्पती खातील आणि देशाला मांसही मिळेल, असे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही, हे त्या नद्यांचे भाग्य! एका पाहुण्याला आवरण्यासाठी दुसरा पाहुणा बोलावण्याची ही कल्पना आज हास्यास्पद वाटते. परंतु संकटात सापडलेले शहाणे लोक कोठवर जातात ह्याचे ते उदाहरण आहे.

हिंदुस्थानात जलकुंभी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बंगालमध्ये, आणि तीही शोभेसाठीच. पंचवीस-तीस वर्षांत पूर्व बंगालच्या नद्या, खाड्या आणि तळी तिने व्यापली. नावा अडल्या, भातशेतीत पुराबरोबर तिचे लोंढे शिरले, मासेमारी बुडाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले. बंगालचा नाश करण्यासाठी शत्रूनेच हे शेवाळ सोडले आहे, अशी समजूत पसरली. वस्तुतः शत्रूचा तेथे काही संबंध नव्हता. रोप आणले ते हौसेने, आणि पसरविले ते बेफिकिरीने. संकटाला परक्याचे नाव दिले की आपल्या हातांकडे पाहण्याची गरज उरत नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ.

१९२१ साली बंगाल सरकारने ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्षस्थान साक्षात सर जगदीशचंद्र बोस ह्यांच्याकडे होते. त्यानंतर १९३६ साली कायदा झाला. बागेत, शोभेच्या हौदात किंवा कुंडीतही जलकुंभी वाढविण्यास त्याने बंदी केली, आणि आपल्या ताब्यातील पाण्यातून ती काढून टाकण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर टाकली. १९३७ च्या निवडणुकीत तिच्या निर्मूलनाची आश्वासने देण्यात आली, आणि १९३९ साली फजलुल हक मंत्रिमंडळाच्या काळात जलकुंभी-सप्ताहही पाळला गेला. लोकांनी उत्साहाने पाण्यात उतरून ढीगच्या ढीग बाहेर काढले. परंतु बंगालच्या पाण्यातून जलकुंभी काही गेली नाही. एकाने आपले तळे साफ करावे आणि पुढच्या पुरात शेजारच्या तळ्यातून तिने पुन्हा यावे, असे चालत राहिले. हौदात आणि कुंडीत रोप लावू नये हा नियम योग्यच होता. मात्र तो सुमारे चाळीस वर्षे उशिरा आला. बंगालच्या ह्या कहाणीतला बोध हाच आहे. प्रतिबंधाची वेळ फार थोडी असते, आणि ती टळली म्हणजे मग पिढ्यान्पिढ्या फक्त उपसत बसावे लागते.

बंगालमध्ये ही धामधूम चालू होती त्याच काळात इंदुरात दोन परदेशी विद्वान येऊन गेले. दोघांचेही काम आपल्या विषयाशी जोडलेले आहे. पहिले स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस. महाराज तुकोजीराव तिसरे ह्यांच्या दरबाराच्या निमंत्रणावरून ते आले, आणि १९१८ साली त्यांनी इंदूरच्या नगररचनेविषयीचा आपला अहवाल दोन खंडांत सादर केला. त्या वेळच्या आरोग्यखात्याच्या अधिकाऱ्यांची दृष्टी अशी, की तळी म्हणजे डासांची घरे. ती बुजवून टाकावीत. गेडीस ह्यांनी त्याला विरोध केला. तळी राखावीत, त्यांत मासे आणि बदके ठेवावीत, ती डासांच्या अळ्या खातील, असे त्यांचे म्हणणे होते. शहराची घाण नदीच्या गळ्यात घालण्यापेक्षा ती खत म्हणून बागांच्या आणि शेतांच्या मातीला द्यावी, हाही त्यांचा आग्रह होता. नदीत घाण गेली नसती, तर कान्हेतील जलकुंभीला आज जे भरपूर अन्न मिळते ते मिळाले नसते, हे येथे सांगितले पाहिजे. कारण ही वनस्पती सांडपाण्यावर पोसली जाते. स्वच्छ आणि वाहत्या पाण्यात ती अशी माजत नाही.

गेडीस ह्यांची इंदुरातील दिवाळीची हकीकत प्रसिद्ध आहे. शहरात प्लेगचे सावट होते. त्यांनी एका दिवसापुरता महाराजांचा मान आपणाकडे मागून घेतला, आणि जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या रस्त्यांवरील लोकांनी आपले घर-अंगण सर्वांत स्वच्छ केले असेल त्या रस्त्यांनी जाईल. झाले! गल्लोगल्ली झाडलोट सुरू झाली. आपला रस्ता मागे राहू नये म्हणून जो तो कामाला लागला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची आणि घाणीच्या राक्षसाची चित्रे होती. सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, गळ्यात हार घालून सन्मानाने चालत होते. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. दंडाच्या भीतीने जे झाले नसते ते चढाओढीने आणि मानाने झाले. बंगालच्या कायद्याने प्रत्येकास त्याच्या हद्दीपुरती आज्ञा केली. गेडीस ह्यांनी सबंध रस्त्याला एकत्र आणले. तलावाचे पाणीही असेच सर्वांचे असते. त्याचे रक्षण एकेकट्याने होत नाही.

दुसरे विद्वान आल्बर्ट हॉवर्ड. १९२४ ते १९३१ ह्या काळात त्यांनी इंदूरच्या वनस्पति-संशोधन संस्थेत काम केले. संस्थेसाठी होळकर दरबाराने जमीन दिली होती. पुढे तेथेच कृषि महाविद्यालय झाले. शेतातील काडीकचरा, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख ह्यांचे थर रचावेत, ते ठरावीक वेळी पालथे घालावेत, आणि सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करावे, ही त्यांची पद्धत ‘इंदूर पद्धत’ ह्या नावाने जगभर गेली. १९३१ साली ह्या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा हॉवर्ड ह्यांच्या नावाबरोबर त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांचेही नाव त्यावर होते. ह्या सहलेखकाची आठवण इंदूरच्या मराठी माणसाला सहसा नसते, म्हणून ती मुद्दाम करून देतो. १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आले असता त्यांनीही ह्या संस्थेस भेट दिली होती.

आता योगायोग पाहा. इंदूरची ही पद्धत बंगालच्या जलकुंभीला लावून पाहण्यात आली. बराकपूर येथे गव्हर्नरांच्या इस्टेटीचे व्यवस्थापक वॉटसन ह्यांनी नदी-तळ्यांतून काढलेल्या जलकुंभीचे खत केले, आणि हॉवर्ड ह्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या प्रयोगाचे कौतुक केले. म्हणजे ज्या वनस्पतीने आज इंदूरचे पाणी झाकले आहे, तिला मातीत मुरविण्याची विद्या इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. जलकुंभीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. म्हणून ती आधी सुकवावी, कोरड्या पाचोळ्यात मिसळावी, आणि ढिगाच्या कडेचा भाग पालथा घालताना आत घ्यावा, म्हणजे आतील उष्णतेने देठ आणि बी दोन्ही मरतात.

मात्र येथे एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. उपयोग सापडला की माणसाला वनस्पतीविषयी ममता वाटू लागते. जलकुंभीपासून खत होते, टोपल्या होतात, गॅस होतो, ती पाण्यातील मळ शोषते, हे सारे खरे आहे. परंतु ह्या उपयोगांच्या लोभाने ती कोणी आपल्या गावच्या स्वच्छ तळ्यात नेऊन सोडली, तर पुन्हा त्या जुन्या माळ्याचीच चूक होईल. उपसलेल्या जलकुंभीचे खत करावे. खतासाठी जलकुंभी वाढवू नये.

स्वातंत्र्यानंतर इंदूर वाढतच गेले. १९७८ साली नर्मदेचे पाणी विंध्य चढून शहरात आले, आणि तहानलेल्या शहराला मोठा दिलासा मिळाला. तथापि ह्या उपकाराची दुसरी बाजूही होती. घरचा नळ दूरच्या नदीला जोडला गेला, आणि जवळच्या तलावांवरची शहराची नजर हलली. ज्या पाण्यावर आपले पिणे अवलंबून असते त्याच्या काठाशी काय चालले आहे, हे माणूस विचारतो. ते अवलंबन सुटले की विचारणे थांबते. सिरपूरच्या काठी वस्ती आली, सांडपाणी आले, आणि जलकुंभीला घर मिळाले. तो तलाव वाचविण्यासाठी शहरातील पक्षिप्रेमी नागरिकांनी बरीच वर्षे खटपट केली. पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी ह्यांचे नाव त्यात प्रामुख्याने घेतले जाते. २०२२ साली सिरपूर आणि यशवंतसागर ह्या दोन्ही जलाशयांना रामसर यादीत स्थान मिळाले. यशवंतसागरचा परिसर तर सारस पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०२५ साली उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ भूमींचे शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हा मान भारतात प्रथम मिळाला तो ह्या दोन शहरांनाच. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु प्रशस्तिपत्र भिंतीवर राहते आणि जलकुंभी पाण्यात वाढते. सिरपुरातून ती काढण्याचे काम पुन्हा पुन्हा हाती घ्यावे लागते, हे विसरता येत नाही.

आता आरंभी सांगितलेला भूगोल आठवावा. कान्हेतील रोप पुराबरोबर क्षिप्रेत जाईल आणि उज्जैनच्या घाटांना लागेल. ते काम पाणीच करील. पण तेच रोप यशवंतसागरात कसे जाईल? गंभीर नदी निराळी, आणि यशवंतसागर तर तिच्या वरच्या अंगास. पाणी उलटे चढत नाही. एखादे बी पाणपक्ष्याच्या पायाच्या चिखलातून जाऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. परंतु हिरवे, फुटवे धरलेले रोप जाते ते कोणाच्या तरी जाळ्यात गुंतून, होडीच्या तळाला चिकटून, मत्स्यबीजाच्या डब्यातून, शिंगाड्याच्या वेलीत अडकून, नाही तर फूल सुंदर दिसले म्हणून हातात धरून. ह्यांत कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. मासेमारी करणाऱ्याचे तर जलकुंभीने सर्वांत अधिक नुकसान होते. पण रोप हेतू विचारीत नाही.

शिवाय आपण आता नद्याच एकमेकींना जोडू लागलो आहोत. २०१४ साली नर्मदा-क्षिप्रा जोडयोजनेने नर्मदेचे पाणी पंपांनी वर चढवून इंदूरजवळच्या उज्जैनी गावी क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले. विंध्याच्या कडेने युगानुयुगे निराळी ठेवलेली दोन पाणी माणसाने एकत्र केली. असे करण्याची कारणे सबळ असतील. परंतु जेथे जेथे नवी वाट उघडते तेथे तेथे जाळी आणि पहारा ह्यांची सोयही त्याच वेळी व्हावयास हवी.

हा केवळ कल्पनेतला धोका नव्हे. ह्याच प्रांतात बैतूल जिल्ह्यातील सारणी येथे सातपुडा वीज केंद्राचा जलाशय आहे. काही वर्षांपूर्वी तो साल्व्हिनिया नावाच्या एका तरंगत्या नेचाने व्यापला. लोकांनी त्याला ‘चायनीज झालर’ असे नाव दिले. वास्तविक त्याचे मूळ ब्राझीलमध्ये आहे. म्हणजे ‘जर्मन पाना’चीच ही पुनरावृत्ती. ह्या नेचाची गंमत अशी, की तो वांझ असतो. त्याला बीज धरत नाही; मोडलेल्या तुकड्यातूनच तो वाढतो. तेव्हा जगात जेथे जेथे तो गेला आहे तेथे तेथे एक जिवंत तुकडा कोणी तरी किंवा कशाने तरी नेलेला आहे. तुकडा अडला असता तर नेचाही अडला असता. सारणीचे पाणी तवा नदीचे, आणि तिच्यावरच पुढे तवा धरणाचा विशाल जलाशय आहे. ह्यावरून दक्षतेचे महत्त्व समजेल.

ह्या नेचावर एक उपाय सापडला आहे, आणि तोही मनोरंजक आहे. त्याच्याच मायदेशातील, सोंड असलेला एक इवलासा भुंगेरा केवळ त्यालाच खातो. १९८० च्या दशकात तो ऑस्ट्रेलियातून बंगळूरला आणून, त्याची नीट परीक्षा करून, केरळात सोडण्यात आला. जबलपूरच्या तणविज्ञान संशोधन संस्थेने २०१९ च्या अखेरीस तो कटनी जिल्ह्यातील एका तलावात सोडला, आणि सुमारे दीड वर्षात तेथील नेचा आटोक्यात आला. सारणीच्या जलाशयासाठीही हाच उपाय योजण्यात आला. जलकुंभीला खाणारे भुंगेरेही त्याच काळात बंगळूरच्या तलावांत सोडले गेले होते. हे पाणघोड्यांच्या विधेयकासारखे नाही. येथे वर्षानुवर्षे कसून तपासणी झालेली असते. तरीही हा उपाय सावकाश चालतो, आणि सांडपाण्यावर पोसलेल्या जलकुंभीपुढे किडे कित्येकदा मागे पडतात. म्हणजे फिरून आपण काठावरच येतो.

काठावर करावयाचे काय? कामे साधी आहेत. एका तलावातील जाळे दुसऱ्यात टाकण्यापूर्वी झटकून, कडक उन्हात पूर्ण वाळवावे. होडीचा तळ, वल्ही आणि दोर पाहून घ्यावेत, आत साचलेले पाणी त्याच काठावर ओतावे. उत्तर अमेरिकेत तलावांच्या काठी धुवा, निथळवा, वाळवा अशा अर्थाचे फलक लावलेले असतात. आपल्याकडे ऊन फुकट आहे, ही सोय अधिकच. मत्स्यबीज आणि शिंगाड्याच्या वेली पाण्यात सोडण्यापूर्वी उजेडात निरखाव्यात. जलकुंभी उपसणारे यंत्र हे स्वतःच तुकड्यांचे वाहन असते; ते पहिल्या तलावावर धुतल्याखेरीज दुसऱ्या तलावावर नेऊ नये. उपसलेला ढीग काठावर ठेवून पहिल्या पावसाबरोबर पुन्हा पाण्यात जाऊ देऊ नये. तो फुले येण्यापूर्वी काढावा आणि दूर नेऊन त्याचे खत करावे. तलावात उतरणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी तरंगती अडवण बांधावी. घरच्या हौदातील किंवा काचेच्या पेटीतील जादा वनस्पती नदीत सोडू नये. युरोपात २०१६ पासून जलकुंभीच्या विक्रीवरच बंदी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पावसाळ्यानंतर दर पंधरवड्यास कोणी तरी तलावाभोवती एक फेरी मारावी. ४,०९६ रोपांचा हिशेब आठवा: पहिल्याच फेरीत दिसलेले एक रोप हाताने उचलता येते.

हे काम कोणी करावे? नगरपालिकेने यंत्रे आणावीत, सांडपाणी अडवावे. ते तिचे कर्तव्यच आहे. परंतु जाळे, होडी, कुंडी आणि हातातले फूल ह्यांवर कोणताही कामगार पहारा देऊ शकत नाही. तेथे तलावाच्या काठची शाळा, मासेमारांची संस्था, सकाळी फिरावयास येणारी मंडळी ह्यांनाच उभे राहिले पाहिजे. गेडीस ह्यांनी शंभर वर्षांपूर्वी ह्याच शहरात मिरवणुकीचा मार्ग बदलून लोकांना झाडू हाती घ्यावयास लावले होते. हॉवर्ड आणि वाड ह्यांनी ह्याच शहरात कचऱ्याची माती कशी करावी हे जगाला शिकविले. ज्या शहराजवळ ही परंपरा आहे, त्याने पाण्याच्या बाबतीत मागे राहावे हे बरे दिसत नाही.

कान्ह नदी जुनी इंदूरपासून निघून जे काही बरोबर घेऊन जाते ते उज्जैनला मिळते, चंबळेला मिळते. खालच्या गावांना ते परत करता येत नाही. परंतु वरच्या तलावांत, शेजारच्या खोऱ्यांत काय जावे आणि काय जाऊ नये, हे मात्र पाणी ठरवीत नाही. ते आपण ठरवितो. पुढच्या वेळी कान्हेच्या काठी ती जांभळी फुले दिसली, तर ती खुशाल पाहावीत. हात मात्र लावावा तो रोप उपटून मातीत घालण्यासाठीच.